वळणावरची लाल झेंडी

५ ऑक्टोबर १९९४, बुधवार

आज बाबांची सायकल मागून घेतली. मागितली म्हणजे काय, सांगितलंच. "मला रोज लागणार आहे, महिना-दोन महिने." बाबा भाकरी खात होते. म्हणाले, "ने. मला काय, गेटपर्यंतच तर जायचंय."

मिल बंद होऊन तीन वर्षं होत आली, तरी हे लोक रोज मिलच्या गेटवर जाऊन बसतात. कोण पत्ते खेळतं, कोण भाषण देतं. नंदानगरपासून गेट किती, दहा मिनिटं चालत. त्यासाठी बावीस नंबरची काळी दणकट सायकल कशाला अडवून ठेवायची? मला खरंच काम आहे.

काम अनुश्रीचं. ती भूगोलात एम.ए. करतेय आणि तिचा प्रबंध आहे चोरल नदीच्या खोऱ्यातल्या कच्च्या रस्त्यांवर. मुरमाच्या वाटा कुठून कुठे जातात, किती लांब, पावसानंतर कुठे सायकल जाते, कुठे उतरावं लागतं. तिला माहितगार माणूस हवा होता. मी म्हटलं, "चोरल? चोरल तर माझ्या हातावरच्या रेघांसारखी पाठ आहे." साफ खोटं. एकदाच गेलोय, लहानपणी, बाबांच्या कॅरिअरवर बसून. मिलच्या सुट्टीला ही सगळी मंडळी सायकलींवर जाऊन नदीकाठी चूल मांडून दाल-बाफले करायची.

रात्री बाबांनाच विचारलं. त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर वाटा काढून दिल्या. सिमरोलवरून वाट खाली कशी उतरते, काळाकुंडाच्या स्टेशनाकडे नदी किती वेळा ओलांडावी लागते. कोणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

पहिली फेरी. सिमरोल, चोरल, नदीच्या काठाने काळाकुंड आणि परत. पाय मोडले.

अंतर मोजायची युक्ती बाबांची. मागच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल चिंधी बांधायची आणि फेऱ्या मोजायच्या. शंभर झाल्या की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. साडेचार चिंचोके म्हणजे एक किलोमीटर. अनुश्री हसली. म्हणाली, "भिया, तू तर चालता-फिरता सर्व्हे ऑफ इंडिया आहेस!" मला तिनं भिया, म्हणजे भाऊ, म्हटलेलं अजिबात आवडत नाही. पण हसली छान.

युक्ती कोणाची ते सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबा आले आणि हातपाय धुवायच्या आधी सायकलपाशी बसले. मिलमधून आणलेल्या सुताच्या गुंत्याचा एक शेवटचा गोळा त्यांनी जपून ठेवलाय, त्यानंच पुसतात. चाक उचलून फिरवलं, कान लावला. "फ्री-व्हीलमध्ये रेती गेलीय. तीनदा ओलांडलीस नदी?" तीनदाच. अठ्ठावीस वर्षं साचेखात्यात जॉबर होते, माग दुरुस्त करून चालते ठेवायचे. शंभर मागांच्या खडखडाटात कुठला माग आजारी आहे ते त्यांना लांबून कळायचं, असं त्यांचे मित्र सांगतात. आता मागांऐवजी माझी सायकल ऐकतात. कधी कधी चीड येते. माणसाला काही खाजगी ठेवायची सोय नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

बाबा आता पहाटे साडेचारलाच निघतात. गेटवर पहिला नंबर लावून काय मिळतं, देव जाणे. आईला म्हटलं, "तिथे काय प्रसाद वाटतात का?" ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. म्हणाली, "एखाद दिवस सायकल घरी ठेवत जा रे, धनेश."

"का? गेटपर्यंत पाय दुखतात?"

ती पुन्हा पोळी लाटायला लागली. मग मलाच राग आला. कॉलेज सोडलं तेव्हापासून या घरात सरळ कोणी बोलतच नाही. अरे, स्पष्ट शिव्या द्या! बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, हो, सोडलं. एक टोळभैरव भर वर्गात म्हणाला, "मिल का भोंगा बंद हो गया, अब इनके घर टाइम कौन बताता है?" मी खुर्ची फेकली. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग. नाही मागितली. बाबांनी तेव्हाही एवढंच विचारलं होतं, "लागली का रे त्याला?"

१४ ऑक्टोबर, दसरा

मिल चालू होती तेव्हा आजच्या दिवशी मागांना झेंडूचे हार घालायचे. आज बाबांनी सायकलची पूजा केली. हँडलला हार, सीटवर कुंकू. नमस्कारही केला. त्यांच्या टाचांना भेगा पडल्यात, त्यांत करडी भुकटी बसलीय, धुऊनही निघत नाही. भुवयांवरही तीच. अंगाला डांबराचा वास येतो. गेटसमोरचा रस्ता करतायत वाटतं.

त्यांच्या पिशवीतून लाल कापड डोकावत होतं, काठीला गुंडाळलेलं. अजून यांचा लाल झेंडा सुटत नाही! मी म्हटलं, "बाबा, दुनिया बदलली. पिथमपुरात रोज नवी कंपनी उघडते आणि तुम्ही झेंडे फिरवताय."

ते हसले. "झेंडा धरणाराही लागतो कुठे कुठे," म्हणाले.

पूजा झाल्यावर सायकल मीच घेऊन गेलो. अनुश्रीकडे सोनं द्यायला.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज पाताळपाणीच्या वरच्या पठारावरून दरीच्या कडेकडेने गेलो. लाल मुरूम, खाली नदी दोऱ्यासारखी. तिच्या सायकलची चेन तुटली म्हणून तिला माझ्या कॅरिअरवर बसवून महूपर्यंत आणलं, तिची सायकल एका दूधवाल्याच्या टेम्पोत टाकून. नऊ किलोमीटर. मुद्दाम मोजले नाहीत, चिंचोके खिशातच राहिले. चढावर ती म्हणत होती, "उतरू का? थकशील." मी म्हटलं, "तू बस गं." जीव गेला असता तरी उतरवलं नसतं.

वाटेत ती अच्युतबद्दल बोलत होती. पुण्याचा कोणी, तिच्या बाबांच्या मित्राचा मुलगा, इंजिनीअर. दर आठवड्याला पत्र पाठवतो. प्रबंधाची फार चौकशी करतो म्हणे. घरच्यासारखाच असणार. चांगलं आहे, तिला कोणी भाऊ नाही.

घरी बाबांनी कॅरिअरच्या स्प्रिंगमधून एक फिरोजी धागा काढला. ओढणीचा. बघितला, आणि नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. झोपायच्या आधी बघितलं तर कॅरिअरवर पोत्याची घडी बांधलेली होती, कोणाला टोचू नये म्हणून.

१३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी गेली. आता फक्त एकच रस्ता राहिलाय, सिमरोलच्या पुढे डावीकडे वळून जंगलातून नदीकडे उतरणारा. तो पक्का करायला घेतलाय. आज तोंडाशी जाऊन पाहिलं, कडेला गिट्टीचे ढीग होते, माणसं अजून इथवर पोचली नव्हती. अनुश्री म्हणाली, "बरं झालं, पक्का व्हायच्या आत माझ्या नकाशात येईल."

पुढच्या रविवारी शेवटची फेरी. अच्युत येतोय. त्याला आपली दरी दाखवायचीय म्हणे. 'आपली' म्हणाली. दिवसभर तो एक शब्द चघळतोय.

ठरवलंय. शेवटची फेरी झाली की नदीवर तिला सगळं बोलून टाकायचं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

अच्युत आला. गिअरची सायकल घेऊन आलाय, रेल्वेने. गोरा, शांत, मला 'तुम्ही' म्हणतो. अनुश्रीच्या आईनं त्याला वाढताना दोनदा आग्रह केला आणि मला एकदा. मी मोजलं.

संध्याकाळी बाबांनी टायरच्या खाचेतून खिळ्यानं एक काळा खडा काढला. हातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "सिमरोलच्या डाव्या उतारानं जातोयस का उद्या?"

"हो."

"तिथनं नको. गिट्टी ताजी पसरतायत. मुरमावर सायकल धरते, गिट्टीवर धरत नाही. पलीकडनं, रेल्वेलाइनच्या बाजूनं उतर."

"तुम्हाला काय माहीत तिथे काय चाललंय?"

त्यांनी खडा खिशात टाकला. "ऐक एवढं," इतकंच म्हणाले.

मी ऐकणार नाही. नकाशात तोच एक रस्ता बाकी आहे. आणि उतारावर मी आणि तो गिअरवाला, बघू तर खरं.

२० नोव्हेंबर, रविवार

अच्युतचा हात मोडला. आज काही लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

लिहायलाच हवं. नाहीतर उद्या मलाच वेगळं आठवायला लागेल.

उताराच्या आधी अनुश्री पाणी प्यायला थांबली. अच्युत म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मला वाट माहीत नाही." मी म्हटलं, "जमेल का सोबत यायला?" तो हसला, "प्रयत्न करतो." त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी सोडली सायकल. तो मागे, अगदी माझ्या चाकाला चिकटून. धूळ एवढी की त्याला माझ्या पाठीशिवाय काही दिसलं नसणार.

तिसऱ्या वळणावर एक माणूस उभा होता. डोक्याला फडकं, हातात लाल झेंडी. झेंडी त्यानं आडवी धरली, मग जोरजोरानं हलवली, मग रस्त्याच्या मध्ये आला. पंचवीस-तीस हातांवर असेन. तेव्हा ओळखलं. बाबा.

ब्रेक दाबायला वेळ होता. हे मी शपथेवर लिहितो. भरपूर वेळ होता. पण डोक्यात एकच आलं, मी थांबलो तर मागचा थांबेल, मागून ती येईल, आणि तिला कळेल की हा फडकंवाला माझा बाप आहे. तिला मी सांगितलं होतं बाबा मिलच्या ऑफिसात आहेत, मिलची कोर्टात केस चालू आहे.

मी त्यांच्या बगलेतून काढली. ते मागे सरले म्हणून बचावले. पुढे ताजी गिट्टी. बाबांची सायकल जड, वेडीवाकडी होऊन कडेच्या मुरमात जाऊन थांबली. मागे अच्युतची हलकी सायकल उडाली.

रस्त्याच्या गँगमधली माणसं धावत आली. अनुश्री वळणावरून आली आणि किंचाळली. अच्युतचा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. तशातही म्हणाला, "मला काही दिसलंच नाही, मी धनेशच्या मागे होतो." अनुश्री बाबांवर ओरडली, "आपसे एक झंडी नहीं पकड़ी जाती क्या?"

मुकादम आला, जाडा, कानात बाळी. त्यानं आधी बाबांना बघितलं, मग मला. "तू आगे था ना? सच बोल भिया, इसने झंडी दिखाई थी कि नी दिखाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. झेंडी अजून वर धरलेली होती, खाली घ्यायचं विसरले होते.

मी म्हटलं, "नी दिखाई."

बाबांनी झेंडी खाली घेतली. मुकादमाला म्हणाले, "गलती हो गई, साब." मुकादमानं तिथल्या तिथे झेंडी काढून घेतली, म्हणाला, कल से मत आना. जीपमधून अच्युतला दवाखान्यात नेलं, अनुश्री सोबत गेली. बाबा गँगच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धूत उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी निघून जाईपर्यंत धूत होते.

सायकल एका टेम्पोत टाकून मी आधी घरी पोचलो. ते संध्याकाळी आले. पिशवीत लाल कापड नव्हतं. मला वाटलं, मारतील. मारावं असं वाटत होतं.

ते सायकलपाशी बसले. गोळा घेतला, रिम पुसली, साखळी पुसली. मग ब्रेकचं रबर दोन बोटांत धरून उजेडाकडे वाकवलं. रबरावर धुळीचा थर जसाच्या तसा होता. बोट फिरवलं तर रेघ उठली.

"दिवसभर मला वाटत होतं, ब्रेक लागले नसतील तुझे," ते म्हणाले. "रात्रीच बघायला हवे होते मी, असं वाटत होतं."

मग रबर जागेवर सरळ केलं. "ब्रेक चांगले आहेत," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मुकादमाकडे गेलो. त्याच वळणावर. झेंडी एका पोराच्या हातात होती. मी सगळं सांगितलं. झंडी दिखाई थी, बराबर दिखाई थी, मैं झूठ बोला.

तो बिडी ओढत ऐकत राहिला. "तेरा कौन लगता है वो?"

"बाप हैं मेरे."

त्यानं बिडी टाकली. चपलेनं विझवली. मग म्हणाला, "आदमी रखा जा चुका, भिया. और जिसका हाथ टूटा उसने ठेकेदार को फोन करवा दिया, अब मेरे हाथ में क्या है? परसों बोलता तो बात थी." नंतर म्हणाला, "तेरा बाप रोज नंदानगर से भंवरकुआं पैदल आता था, छह बजे की गाड़ी पकड़ने. डेढ़ घंटा. एक दिन लेट नी हुआ. मैंने बोला, दादा, साइकिल नी है? तो बोला, है, लड़के के काम में है. लड़का घाटी का नक्शा बना रिया है, कॉलेज वालों का. पूरी गँग को सुनाता था."

साडेचार. टाचांच्या भेगा. करडी भुकटी. या वहीत मीच सगळं लिहून ठेवलंय, आणि एकदाही वाचलं नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

अनुश्रीकडे गेलो, खरं सांगायचं म्हणून. अच्युत झोपाळ्यावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. तिच्या आईनं बशीत पेढे आणले. "साखरपुडा ठरलाय हो, डिसेंबरात. तुम्ही यायचं हं." मी पेढा खाल्ला. चांगला होता.

अनुश्रीनं माझी मोजणीची वही घेतली. पानं चाळली, म्हणाली, "धनेश, तू नसतास तर हे झालंच नसतं." मग पेन्सिल घेऊन त्या वळणावर थांबली. "इथे इशाऱ्याची काही व्यवस्था नव्हती, असं लिहिते. बरोबर ना? तू पुढे होतास."

अच्युत माझ्याकडे बघत होता. चांगला माणूस आहे. सांगितलं असतं तर समजून घेतलं असतं. तेच सहन झालं नसतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

एकाच गोष्टीबद्दल दोनदा विचारलं मला, आणि दोनदा मी तेच खोटं सांगितलं. दुसऱ्यांदा तर डोकंही फिरलेलं नव्हतं.

१८ डिसेंबर, रविवार

मी कुरिअरच्या ऑफिसात लागलो. पाकिटं वाटायची, पायी आणि टेम्पोनं. सायकल मागितली नाही. ती आता दारातच उभी असते, किल्ली लावलेली. बाबा खरोखरच मिलच्या गेटवर जातात, पायी. मी म्हटलं, "सायकल न्या ना." म्हणाले, "गेटपर्यंतच तर जायचंय."

१६ मार्च १९९५, गुरुवार

पुण्याहून मोठं पाकीट आलं. अनुश्रीच्या प्रबंधातला नकाशा, झेरॉक्स करून. सोबत चार ओळी, मजेत आहे, प्रबंध जमा केला, अच्युतचा हात आता बरा आहे.

नकाशा सुंदर आहे. नदी, तिचे ओढे, डोंगराच्या कडा, आणि सगळ्या कच्च्या वाटा तुटक रेघांनी. प्रत्येकीवर अंतर. माझे चिंचोके. खाली बारीक अक्षरात माझं नाव.

बाबांनी तो खाटेवर पसरला. चष्मा लावून सिमरोलपासून बोट फिरवत निघाले. "इथे आम्ही बाफले करायचो... ही काळाकुंडाची... वा, हे बरोबर धरलंस." किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा ऐकला. आईला हाक मारून दाखवलं. मग बोट डाव्या उतारावर आलं. तिसऱ्या वळणावर एक फुली आहे आणि शेजारी छापलंय: 'धोकादायक वळण. काम चालू असताना इशारा देणारा माणूस नाही.'

बोट तिथे क्षणभर थांबलं. मग पुढे नदीपर्यंत गेलं. "छान काढलाय," म्हणाले. घडी अगदी जपून घातली.

१८ मार्च, शनिवार

सकाळी बाबांना विचारलं, "सायकल नेऊ का?" आजवर कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

काल तीन पत्रं लिहून फाडली. त्यांत मी फारच रडत होतो. आज दोनच ओळी लिहिल्या. 'सिमरोलच्या तिसऱ्या वळणावर इशारा देणारा माणूस होता. त्यानं वेळेवर झेंडी दाखवली, मी पाहिली आणि थांबलो नाही. ते माझे वडील आहेत, दिवाकर, जॉबर, साचेखाता. वाटा मोजायची पद्धतही त्यांचीच. नकाशात दुरुस्ती करावी.' दोन म्हणता म्हणता चार झाल्या.

प्रबंध जमा झालाय. आता कोण दुरुस्ती करणार? उत्तर येईल असंही वाटत नाही. पत्र मोठ्या पोस्टात स्वतः जाऊन टाकलं, आपल्या कुरिअरनं नाही पाठवलं.

संध्याकाळी बाबा सायकलपाशी बसले. सुताचा गोळा आता लिंबाएवढा राहिलाय. टायरवरून अंगठा फिरवला.

"आज डांबरावरून खाली उतरला नाहीस."

"नाही. पोस्टात गेलो होतो."

"नकाशा परत पाठवलास?"

"नाही. त्यातली चूक कळवली."

कोणती, ते त्यांनी विचारलं नाही. मागचं चाक उचललं, पायडल मारून जोरात फिरवलं. आऱ्याला बांधलेली लाल चिंधी अजून तिथेच होती, ती गरगर फिरत राहिली. मग त्यांनी ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"सकाळी मला लागेल," बाबा म्हणाले.

कुठे जायचंय, मी विचारलं नाही. किल्ली त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली.